जनरेटर गार झाल्याशिवाय

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक वाक्य सोडून.

गुरुग्रामच्या ऑफिसात आम्ही विमानाच्या इंजिनाच्या पोटातच जनरेटर बसवायच्या खटपटीत होतो. तो गार राहावा म्हणून तेल खेळवलं, तर तेलच तापून यायचं. भर मीटिंगमध्ये सांगलीहून आईचा फोन आला, आणि घाईत माझ्याकडून स्पीकर दाबला गेला.

"गणपतीला येतोयस ना रे?"

"जनरेटर गार झाल्याशिवाय सुट्टी नाही गं, आई."

"मग त्याला बाहेर काढा की. आत कोंडलं तर तापणारच."

साहेब म्हणाले, "माताजी बिल्कुल सही कह रही हैं, जाओ यार, छुट्टी मंजूर."

हे साहेबांचं वाक्य मी रचलं. साहेब नुसते हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. आई अजून फोनवरच होती.