पिंपळनेरचे बत्तीस दरवाजे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संस्थापक आदरणीय हस्तीमलशेठ, व्यासपीठावर बसलेले संचालक संयमजी, सत्कारमूर्ती हिलालआबा, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी यशोदाअक्का आणि दारं घडवणाऱ्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो, नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. आबांचा गौरव लिहून आणला होता. तो वाचवत नाही, म्हणून घडी करून ठेवते.

आबांनी एकतीस वर्षं दरवाजे आणि चौकटी तयार केल्या. बिजागरीची खाच, कुलपाचं भोक. आधी पटाशीने, मग मशीनवर. नवी मशीन आली त्याच वर्षी मीही आले. आमच्या घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे तोरा होताच. पहिल्या दिवशी आबा म्हणाले, "पोरी, मशीनले अक्कल नही शे. तू सांगशी तेच ती कापी."

दरवाजा डावा की उजवा, हे नुसतं बघून लिहायचं नाही, हा आबांचा नियम. चौकटीत उभं राहायचं, बिजागरीच्या बाजूला पाठ टेकवायची आणि दार ज्या हाताकडे उघडेल तो हात कागदावर लिहायचा. हसू नका कुंदनभाऊ, तुम्हीही तसेच उभे राहता.

मार्चमध्ये पिंपळनेरच्या वसतिगृहाचं काम आलं. चौकटी भिंतीत बसल्या होत्या. दरवाजे कोणत्या हाताचे, ते लिहून आणायला मी गेले. पहिल्याच खोलीत पाठ टेकवली, तर ठेकेदाराचा एक माणूस म्हणाला, "म्याडम, पाठ खाजते का?" सगळे हसले. मला लाज वाटली. मग मी प्रत्येक खोलीत उभी राहून नुसतं बघत गेले. बिजागरी डावीकडे दिसली, 'डावा' लिहिलं. पण दारं आत, खोलीकडे उघडणारी; पाठ टेकवली असती तर हात उजवा आला असता.

माझ्या कागदावर विश्वास ठेवून आबांनी बत्तीस दरवाजे कापले. एकही बसला नाही.

संयमजी, तुम्ही विचारलंत, "हात कोणी लिहून आणले?" मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मीच. मन्ही नजर चुकनी."

बाहेर येऊन मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, "तू नवी शे. तुले आजच काढी टाकतीन. माले कोन काढस?"

आणि मी गप्प राहिले. का? घरी वडील गावभर सांगत होते, माझी लेक एवढी मोठी मशीन चालवते. ते ऐकायला गोड वाटत होतं, म्हणून. आबांनी तीन रविवार येऊन चुकलेल्या खाचांत लाकडाचे तुकडे बसवले, घासले, नव्या खाचा पाडल्या. मी शेजारी उभी राहून तुकडे हातात देत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आबांनी नोकरीत दोन वर्षांची मुदतवाढ मागितली होती. ती मिळाली नाही. कारण काय, तर आबांना आता नीट दिसत नाही. आणि उद्यापासून त्यांच्या जागी मी! शेठजी, याला बढती म्हणायचं का?

नाही आबा, हात हलवू नका. "बस कर, पोरी" म्हणताय ते मला ऐकू येतंय. अक्कांना तरी कळू द्या. त्या तीन महिने तुमच्यामागे लागल्या आहेत, डोळ्यांच्या दवाखान्यात चला म्हणून. अक्का, आबांची नजर शाबूत आहे हो. त्यांना काही झालेलं नाही.

हा पिंपळनेरचा कागद. अक्षर माझं, खाली सहीही माझीच, दिपमाला भटू पाटील. अध्यक्षमहाराज, तुमच्यापुढे ठेवते. आबांची शाल अजून टेबलावर आहे. ती त्यांच्या खांद्यावर घालण्याआधी हा कागद वाचा आणि मुदतवाढीच्या अर्जाचा पुन्हा विचार करा, एवढीच विनंती. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी उद्या सकाळी आठला फाटकाशी येते. आत घेतलंत तर आबांच्या हाताखाली काम करीन.

संयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. पिंपळनेरची चूक मात्र घालू नका. ती माझ्या नावावर लिहा.