डेकवरची फट

नाही, नाहीत ते घरी. सांगितलं ना एकदा — आणि आत डोकावू नका, आत बघण्यासारखं काही नाही. खोकला? शेजारचे खोकतात. भिंती पातळ आहेत इथल्या. बोटीबद्दल विचारायचंय, एवढं कळलं मला, पण बोटीबद्दल विचारायचं तर लोक बंदरावर जातात, जिने चढून तिसऱ्या मजल्यावर परक्या बाईच्या दारात येत नाहीत. बरं, आलाच आहात तर बसा त्या स्टुलावर. उंबऱ्याच्या बाहेरच असू दे स्टूल. माझी इस्त्री चालू आहे, ती काही तुमच्यासाठी थांबायची नाही.

बोट चांगली आहे. ठणठणीत आहे. एवढंच सांग म्हणाले — म्हणजे, एवढंच मला ठाऊक आहे. आमच्या ह्यांचा जन्म गेला तिच्यावर, आधी साधे खलाशी, मग डेकवरचे मुकादम. लढाईच्या धामधुमीत बांधलेली ती. बोटी भराभर बुडत होत्या, म्हणून भराभर बांधायच्या — रिव्हेट ठोकत बसायला सवड कोणाला? पत्र्याला पत्रा लावायचा, वेल्डिंग मारायचं, की ढकलली पाण्यात. खाली तोफगोळे, वर पिठाची पोती, आणि दिवा म्हणून लावायचा नाही कुठे. ह्यांना तेव्हा नुकती मिसरूड फुटलेली. बूट घालून झोपायचे, कधी उडी मारावी लागेल नेम नाही म्हणून. लग्नानंतरही तेच — माझ्या नव्या कोऱ्या चादरींचं पार वाटोळं केलं. हसताय काय? धुवायला तुम्ही आला होतात?

मग लढाई संपली. तोफ काढली, करडा रंग खरवडला आणि दिली विकून एका व्यापाऱ्याला. सिमेंट नेलं, लाकूड नेलं, साखर नेली — एकदा घोडे नेले. घोड्यांनाही बोट लागते, माहीत आहे? पण त्यांना ओकता येत नाही, बिचारे उभ्या उभ्या खंगतात. हे आपले त्यांच्यापाशी बसून मानेवरून हात फिरवायचे. इकडे आमची थोरली गोवराने फणफणलेली, आणि बाप घोड्यांची शुश्रूषा करतोय. मालक बदलले की बोटीचं नाव बदलायचं. माझं नाव लग्नात एकदाच बदललं, तिचं तीनदा — आणि तरी हे तिला जुन्या नावाने हाक मारतात. मला मात्र जन्मभर ‘अगं, ऐकलंस का’.

हं. आत्ता आलं ध्यानात. तुम्ही बोटीच्या कंपनीचे. वाटलंच मला, बंदरावर दिवसभर राबणाऱ्याचे बूट असे चकचकीत नसतात. शेवटची फेरी आहे ना तिची, मोडीत काढायला नेताय ना? या थंडीत, त्या समुद्रातून? आणि धडधाकट माणूस कोणी तयार होत नाही, म्हणून निघालात म्हाताऱ्यांची दारं वाजवत. मान कशाला हलवताय — मी काय आज आले या जगात? कोणीतरी ह्यांचे कान भरलेत, त्याशिवाय का माणूस पिशवी भरून बसतो? लोकरीचे बनियन काढले, दाढीचं सामान काढलं. वर ऐकवतात, परक्याच्या हातून जायला नको, मीच पोचवतो तिला. कालपासून एकच धोशा. म्हणजे — घरी असतात तेव्हा.

आता ऐकाच. ठणठणीत बिणठणीत काही नाही ती. थंडी पडली की तिचा पत्रा तडकतो. रिव्हेटच्या बोटीत फट पडली तर एका पत्र्यावर थांबते, हिचे सगळे पत्रे एकजीव, हिच्यात थांबायला जागाच नाही. मग हे काय करतात, फट जिथे संपते तिथे गोल भोक पाडतात — पुढे सरकत नाही म्हणे मग ती. वर सुतार लावतात ती लांबी भरायची, रंग फासायचा. पुढच्या कोठाराच्या तोंडाशी, डाव्या अंगाला आहे बघा. वर दोराचं भेंडोळं ठेवतात, आणि तपासायला कोणी आलं की हे त्याच भेंडोळ्यावर बसून सिगारेट ओढतात. तपासणारा बाजूने निघून जातो. अशा बोटीवर माझं माणूस पाठवता, काही वाटतं का जिवाला? मला एकच माणूस आहे हो. लढाईतून आलं परत, ते तुम्हाला भंगारापायी देऊ?

काय दाखवताय ते? थांबा, इस्त्री ठेवू दे. बंदराचा शिक्का — तपासनीस. बोट सोडायची की नाही ते तुम्ही ठरवता. मग हे आधी बोलायला काय झालं होतं? बोलत होतात? मी बोलू दिलं नाही? असेल, असेल तसं. आता जाऊन ते भेंडोळं उचलणार तुम्ही, आणि बोट राहणार जागच्या जागी. हे तोंड बघणार नाहीत माझं. न बघू देत. जिवंत राहून न बघू देत.

आलेच हे बाहेर. हो साहेब, घरातच होते, मी खोटं बोलले. अहो, असे बघू नका माझ्याकडे — सांगितली मी त्यांना फट. सांगितली. भोकासकट सांगितली. काय म्हणालात? ‘पुढचीच, की मागचीसुद्धा?’ मागची कुठली? मला तर एकच — अहो, मागची कुठली? मधल्या कोठारामागे? कधीपासून? आणि तिला भोक का नाही पाडलंत? उपयोग नाही म्हणजे? केवढी गेलीय ती?

म्हणजे बोट पोचणारच नव्हती. आणि तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून पिशवी भरलीत, माझ्याकडून कोटाची बटणं लावून घेतलीत. बाकीच्या खलाशांचं काय ठरवलं होतंत? अन् माझं? खाली काय बघताय, मी इथे आहे.

साहेब, तुम्ही जा. मधल्या कोठारामागे नेमकी कुठे आहे ते तुमचं तुम्ही शोधा. जाताना दार ओढून घ्या.