पहिल्यापासून एकदा

(क्रांती चौकातल्या फोटो स्टुडिओबाहेरचा बाक. म्हाळसाबाई आणि तिचा धाकटा लेक त्रिंबक पासपोर्टच्या फोटोसाठी नंबर लावून बसले आहेत.)

म्हाळसाबाई : डोक्यावरचा पदर मागं घ्या म्हणतो तो फोटोवाला. कामून? जलमात घेतला नाय मी.

त्रिंबक : कान दिसले पायजेत, माय. एवढंच.

म्हाळसाबाई : कानाचं काय काम? गायचंय तर तोंडानं.

त्रिंबक : पासपोर्टचा नियम हाय तो. त्याच्याशिवाय विमानात घेत नाय.

म्हाळसाबाई : बरं, दिसू दे कान. सकाळी शेजारच्या भागूबाईनं इचारलं, नवं लुगडं नेसून कुठं चालली गं. मी म्हणले, फोटो काढायला, मग नॉरवेला जायचंय. तर ती म्हणती, कुणाचं लगीन हाय तिथं? मला धड सांगता येईना. कशाची जत्रा हाय ती, आज नीट सांग.

त्रिंबक : ब्लूजची. अमेरिकेत काळ्या माणसांना गुलाम करून आणलं होतं. मालक त्यांच्याकडून उन्हातान्हात कापूस वेचून घ्यायचे. पुढं गुलामी गेली, पण हाल काय सरले नाय. त्या लोकांनी आपलं दुःख गाण्यात घातलं, ते ब्लूज. आता जगभर त्याचे मेळे भरतात. अमेरिकेत नदीकाठाला मैदानंच्या मैदानं भरतात. ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात, सगळीकडं. नॉर्वेत तर तीन-चार दिवस अख्खं गाव रस्त्यावर असतं. खाणंपिणं, बिअर, नाचणं.

म्हाळसाबाई : रडगाण्यावर नाचतेत?

त्रिंबक : लयीवर नाचतात.

म्हाळसाबाई : अन ज्यांनी कापूस वेचला, त्यांची लेकरं असतेत का तिथं?

त्रिंबक : स्टेजवर असतात काही. पुढं बसलेले बहुतेक गोरेच.

म्हाळसाबाई : म्हणजे रडायचं एकानं अन जत्रा भरवायची दुसऱ्यानं. चांगलं हाय. मी काय म्हणू तिथं? जात्यावरच्या, का खंडोबाच्या ओव्या?

त्रिंबक : त्यांनी एक गाणं निवडलंय. मी सात-आठ पाठवली होती, तुझा आवाज अन खाली माझी गिटार. तिथली बाई म्हणली, ऐकून अंगावर काटा आला. म्हणली, ह्या आजी येणार असतील तर तुमचा ग्रुप घेतो, नाहीतर राहू द्या. गाण्यापायी नोकरी सोडून चार वर्षं झाली, माय. असं बोलावणं पुन्हा येत नाय.

म्हाळसाबाई : लाव मग. कोणतं निवडलं ते ऐकू दे.

त्रिंबक : इथं नको. लई गोंगाट हाय. घरी ऐक.

म्हाळसाबाई : मीच म्हणायचं अन मीच ऐकू नको? लाव म्हणते ना.

त्रिंबक : हं. धर कानाला.

म्हाळसाबाई : माझाच आवाज हाय. किती चिरकलाय बघ... 'ऊठ रं माझ्या वाघा, मेंढरं पाण्यावाचून उभी...' थांब. बंद कर ते. त्रिंबका, ही ओवी नाय. मुंजाबाला अंगणात निजवला होता, तवाचं हाय हे.

त्रिंबक : व्हय.

म्हाळसाबाई : खुलताबादच्या घाटात टेम्पोनं तुझ्या थोरल्या भावाला उडवलं. त्याचं मढं पुढ्यात घेऊन मी हेल काढून रडत होते, अन ते तू मोबाईलात भरलंस? भिताडाला टेकून उभा होतास. मला वाटलं, पाव्हण्यारावळ्यांना खबर देतोस.

त्रिंबक : जवळ असावं वाटलं, म्हणून भरलं. कुठं पाठवायचं असं तवा डोक्यात नव्हतं. तुझी शप्पथ.

म्हाळसाबाई : माझी शप्पथ राहू दे. दुसरं सांग. मी रडून रडून गप झाले होते. तुझी साळूमावशी म्हणत होती, ऊन चढलं, उचला आता. तवा तू माझ्यापशी येऊन बसलास अन हळूच म्हणलास, माय, पहिल्यापासून एकदा म्हण. आठवतं?

त्रिंबक : आठवतं.

म्हाळसाबाई : कामून म्हणलास तसं?

त्रिंबक : जाऊ दे ना, माय.

म्हाळसाबाई : तुमचं दोघांचं कधी पटलं नाय. तो मेंढरामागं, तू शहरात. वर्ष वर्ष बोलत नव्हता एकमेकाशी. त्या दिवशी तू तसं म्हणलास अन मला वाटलं, आता ह्याचं काळीज फुटलं. पाच वर्षं मी त्या एका बोलावर काढली. भागूबाईला सांगितलं, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, माझ्या त्रिंबकाचा भावावर लई जीव होता म्हणून. आता खरं सांग. कामून म्हणलास?

त्रिंबक : बटन उशिरा दाबलं होतं. सुरुवातीचं भरलं गेलं नव्हतं.

म्हाळसाबाई : असं व्हय.

त्रिंबक : माय, तू काय समजायचं ते समज. पण तू आली नाय तर आमचा ग्रुप मोडतो.

म्हाळसाबाई : आपल्यात मेलेल्याचं रडणं मढं उचललं की संपतं. ते पुन्हा तोंडात घेत नाय. घेतलं तर घरातलं दुसरं माणूस जातं.

त्रिंबक : तसं काय नसतं.

म्हाळसाबाई : नसंल. पर रडायला पुढ्यात कुणीतरी लागतं. तिथं माझ्या पुढ्यात तू निजणार हायेस का?

त्रिंबक : फोटोवाला बोलवायलाय. आपला नंबर आला.

म्हाळसाबाई : दुसऱ्याला जाऊ दे. ते लाव परत.

त्रिंबक : आता कशाला?

म्हाळसाबाई : मला खेटून बसला होतास ना? त्यात तुझं रडणं कुठं ऐकू येतं का, ते बघते.

त्रिंबक : नाय येत.

म्हाळसाबाई : रडलाच नाय तू?

त्रिंबक : रडलो होतो, माय. पाठवायच्या आधी साफ केलं ना, तवा काढून टाकलं. मेंढरांचं ओरडणं, साळूमावशीचं बोलणं, माझं रडणं, सगळंच. तुझ्या एकटीचाच आवाज पायजे होता.

म्हाळसाबाई : पहिलं असंल ना कुठं? न धुतलेलं?

त्रिंबक : नाय. ते जुन्या मोबाईलबरोबर गेलं.

म्हाळसाबाई : माझं काढायचं होतंस रे लेकरा. तुझं ठेवायचं होतंस.