एडिसनला मिक्सर, नेपोलियनला बिनसाखरेचा चहा

...आणि वर म्हणतात काय, "तू घरीच असतोस ना!" घरीच असतो म्हणजे? घरी फ्रिज पण असतो! फ्रिजला कोणी उठवून कोट घालून नेपोलियन करतं का? मलाच का पण? तुम्हाला सांगतो, इंजिनीअरिंग मी तिसऱ्या वर्षाला सोडलं, त्याला आठ महिने झाले, आणि या आठ महिन्यांत मी अख्ख्या बिल्डिंगचा नोकर झालोय. पगार नसलेला. टाकी धुवायला माणसं आली, गच्चीवर कोण उभा? मी. चौदा घरांची कुरिअरं कोण घेणार? मी. कोणाची सासू डोळ्याचं ऑपरेशन करून आली, दर चार तासांनी थेंब कोण घालणार? तिच्या मुलाला विचारलं तर म्हणे मीटिंगमध्ये आहे. सून कॉलवर आहे. मुकुल आहे ना! घरीच असतो!

तर झालं असं, आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. मरोळला, चर्चच्या मागच्या गल्लीत. आता पंचवीस वर्षं झाली तर शहाण्या माणसांनी काय करावं? लिफ्ट दुरुस्त करावी! चौथ्या मजल्यावर ती दोन इंच खालीच थांबते, लोक ठेचकाळतात, रोज. पण नाही. आमचे चेअरमन श्यामकांत काका, विमा कंपनीतून रिटायर, रिटायर झाल्यापासून त्यांना कल्पना सुचतात. आजार आहे तो. यांना सुचलं, 'थोरांसोबत एक संध्याकाळ'. प्रत्येक घरानं चिठ्ठीवर एक नाव लिहायचं. जगातला कोणताही नामवंत, हयात असो नसो, ज्याच्यासोबत तुम्हाला एक संध्याकाळ घालवायला आवडेल. ठीक आहे, लिहा, वाचून दाखवा, टाळ्या वाजवा, समोसा खा, घरी जा. पण काका उभे राहिले, चष्मा पुसला, "नुसतं लिहून काय मजा? ती व्यक्ती घरी आली पाहिजे. साक्षात!"

साक्षात! आणि सगळ्या मीटिंगच्या माना हळू...हळू... माझ्याकडे वळल्या. मी तिथे खुर्च्या लावायला गेलो होतो हो!

"मुकुल, तू घरीच असतोस ना?"

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं सरळ. म्हटलं असतं! पण पार्किंगच्या कोपऱ्यात एक जुनी मीटर रूम आहे. मीटर बाहेर हलवले तेव्हापासून रिकामी. रिकामी म्हणजे, मोडक्या खुर्च्या, एक फुटका कुंडा आणि कोणाच्या तरी लग्नातलं थर्माकोलचं सिंहासन. मला ती पाहिजे. मी मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो, चांगल्या करतो, आणि सध्या घरच्या डायनिंग टेबलावर करतो, परवा आईला आमटीत स्क्रू सापडला. तर अर्ज केला. अर्जावर सह्या तीन लागतात. चेअरमन, श्यामकांत काका. सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्याच्या जयंती काकू. आणि खजिनदार... खजिनदार माझे बाबा. जे माझ्याशी आठ महिने बोललेले नाहीत. एकही शब्द नाही! वन बीएचके घर, बाथरूम एक, आणि माणूस बोलत नाही! मी समोर बसलेलो असतो आणि हे आईला सांगतात, "त्याला सांग, गिझर बंद कर म्हणावं." आई मला सांगते, "गिझर बंद कर." अरे ऐकलं मी! दोन फुटांवर आहे मी!

आणि काकांनी अर्ज घडी करून माझ्याच खिशात परत घातला. "आधी कार्यक्रम. मग सह्या."

वाट लागली.

चिठ्ठ्या आल्या चौदा. पाचांवर शिवाजी महाराज. कमिटीनं ठरवलं, महाराजांचं सोंग कोणी घ्यायचं नाही, मान राहिला पाहिजे. या कमिटीनं पंचवीस वर्षांत घेतलेला हा एकमेव बरोबर निर्णय. तिघांनी देव लिहिले, "नामवंत म्हटलंय, देव नाही," बाद. दोघांनी दोन पुढारी लिहिले, पक्ष वेगळे, फ्लॅट समोरासमोर, लिफ्टपाशी गचांडी धरायची वेळ आली, दोन्ही बाद. एका आजोबांनी सिनेमातली नटी लिहिली होती, ती चिठ्ठी आजींनी जागच्या जागी फाडली. राहिल्या किती? तीन. कोणाच्या? कमिटीच्या! काय योगायोग आहे बघा!

कोट दिला तळमजल्याच्या अँथनी अंकलनी. स्वतःच्या लग्नातला, काळा. "पोरा, बटण लावू नको, तुटंल." एडिसन काय नि नेपोलियन काय, कोट एकच. टोपी तेवढी पुठ्ठ्याची.

संध्याकाळी सहाला पहिलं घर, जयंती काकू. त्यांना हवा होता एडिसन. मी दारात, गळ्यात बो, केसांना टाल्कम पावडर. काकूंनी ओवाळलं! एडिसनला! "या या, एडिसन! बसा! चप्पल बाहेर हं." मी बसलो. मला वाटलं आता विचारतील, दिवा कसा लावला, किती वेळा फसला... कुठलं काय! काकू आत गेल्या आणि मिक्सर घेऊन आल्या.

"हे बघा ना जरा, ओलं वाटण घातलं की घों-घों करतो आणि बंदच पडतो."

म्हणजे जगातला एवढा मोठा संशोधक, मेल्यावर शंभरेक वर्षांनी मरोळला येतो, आणि तुम्ही त्याच्यापुढे मिक्सर ठेवता? पण सही पाहिजे! उघडला. कार्बन ब्रश झिजलेले. खिशात असतातच माझ्या, बदलले. एडिसन जमिनीवर मांडी घालून, दातात स्क्रू धरून बसलाय, आणि काकू बघायला जमलेल्या शेजाऱ्यांना सांगतायत, डोळ्यांत पाणी, खरंखुरं पाणी, "शाळेत मास्तर म्हणाले मंद आहे हो! शाळा सुटली! पण आईनं विश्वास ठेवला. पोराच्या हातात कला आहे, हे त्या माउलीनं ओळखलं!" सगळे गहिवरले. मी मिक्सर चालू केला, घुर्रर्र, झकास! टाळ्या! मी बो काढला, घाम पुसला, अर्ज पुढे केला. आणि तीच बाई, तेच डोळे, अजून ओले, सही करता करता मला म्हणते, "तुझ्या आईबापाचा काही विचार केलास का रे मेल्या? कॉलेज सोडतात का असं? आता काय, मिक्सर दुरुस्त करणार जन्मभर?"

अहो काकू! तुमचा चालू मिक्सर अजून गरम आहे!

सात वाजता दुसरं घर. नेपोलियन. श्यामकांत काकांना नेपोलियनकडून काही ऐकायचं नव्हतं, त्यांना नेपोलियनला काहीतरी सांगायचं होतं. चाळीस मिनिटं! मी कोटात हात घालून उभा, हात सुन्न झाला, आणि काका समोर आरामखुर्चीत, "बोनापार्ट, तुमचं चुकलं कुठं मी सांगतो. रशियात थंडीत कशाला गेलात?" जसं काही मी यांना विचारूनच जाणार होतो! हा माणूस गुडघे धरतात म्हणून डिसेंबरात महाबळेश्वरला जात नाही, हा मला रशिया शिकवतोय! "आणि एवढे लाखो सैनिक घेऊन निघालात, कोणाची पॉलिसी होती का? नॉमिनी कोण? घरच्यांनी क्लेम कुठं करायचा?" मी तोंड उघडलं की "थांबा, मी बोलतोय ना." फ्रान्सचा सम्राट आहे हो मी! त्यात चहा आला, बिनसाखरेचा. काकांना डायबेटिस आहे म्हणून नेपोलियननं पण बिनसाखरेचा प्यायचा. सोबत एक मारी बिस्किट. एक!

शेवटी काकांनी पेन काढलं, आणि पेन काढलं की या लोकांना उपदेश सुचतोच. "बघ, मुकुल. काय जिद्द असते एकेकाची. नाहीतर तुम्ही आजची पोरं, जरा अवघड गेलं की अर्ध्यातनं माघारी."

आता माझा पण सुटला ना तोल! म्हटलं, "काका, नेपोलियन पण मॉस्कोहून माघारीच आला होता."

बिस्किट चहात पडलं. मला वाटलं संपलं, मीटर रूम गेली, थर्माकोलचं सिंहासनच राज्य करणार तिथं. काका माझ्याकडे बघतायत, बघतायत... आणि म्हणाले, "ते माघारी येणं वेगळं." आणि केली सही. कसं वेगळं? मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि मग तिसरं घर. आमचंच.

बाबांनी काय लिहिलंय मला माहीत नव्हतं. खाली जिन्यात जयंती काकूंनी चिठ्ठी हातात दिली. बाबांचं अक्षर, हिशोबाच्या वहीतलं, सरळ. 'सर विश्वेश्वरय्या. थोर इंजिनीअर.' इंजिनीअर शब्दाखाली दोन रेघा.

म्हणजे बघा! अख्ख्या जगातले मेलेले आणि जिवंत, कोट्यवधी लोक, आणि यांना इंजिनीअरच हवा! आईनं बाबांचा पांढरा पंचा फेट्यासारखा बांधला, बांधताना माझ्याकडे बघत नव्हती. मी टेबलापाशी बसलो. आतून बाबा आले. इस्त्रीचा शर्ट. घरात! मला बघून थांबले, आणि हात जोडून म्हणाले, "या, सर."

आठ महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो पण एका मेलेल्या माणसाला.

मी म्हटलं, "नमस्कार." बाबा बसले, टेबलक्लॉथ सरळ केला. मग म्हणाले, "सर, माझा मुलगा आहे. हुशार आहे हो. गणितात कधी नव्वदच्या खाली आला नाही. आणि सोडून दिलं त्यानं. काही सांगितलं नाही, एक दिवस आला आणि म्हणाला सोडलं."

आता विश्वेश्वरय्यांनी काय बोलावं? धरणाबद्दल विचारलं असतं तरी काहीतरी थाप मारली असती मी! पण मी फेटा सावरला आणि म्हटलं, "त्यानं तीनदा सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. बाबांनी टेबलक्लॉथ पुन्हा सरळ केला. "बातम्या चालू होत्या, सर."

"तिन्ही वेळा?"

मी अर्ज पुढे सरकवला. "त्याला मीटर रूम हवी आहे."

"माहितीये. मी जाऊन आलो तिथं. रविवारी, टॉर्च घेऊन." माझा फेटा कपाळावर घसरला. "मागच्या भिंतीला ओल आहे, सर. वायरिंग कुजलंय. शॉक बसून मरेल तो. म्हणून सही करणार नव्हतो. अर्थिंग कोण करणार?"

"तोच करेल. येतं त्याला."

"येतं?"

"येतं, बाबा."

फुकट गेलं सगळं सोंग! पण बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं, त्यात एक्सपर्ट आहेत ते. पेन काढलं आणि सही केली, पूर्ण नाव, खाली तारीख. मी कागद उचलायला गेलो, तर माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. उभा राहा." उभा राहिलो, हात सवयीनं नेपोलियनसारखा कोटात. आईला हाक मारली, "फोटो काढ." आणि मग माझ्याकडे वळून, थेट माझ्याकडे, आईमार्फत नाही, "हात खाली घे. इंजिनीअर असा उभा राहतो का?"

काढला फोटो. कोट, फेटा, मागे बंद पडलेले दोन पंखे. आणि तुम्हाला सांगतो, या माणसानं माझ्यासमोर तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली कार्यक्रमाचं काही नाही, विश्वेश्वरय्यांचं काही नाही, नुसतं 'आमचा मुकुल'. दोन मिनिटांत एकतीस अभिनंदनं! नाशिकची आत्या म्हणते, शेवटी डिग्री घेतलीच पोरानं! पदवीदान समारंभाचा पोशाख छान आहे हो! मामा विचारतोय, पॅकेज किती?

मी म्हटलं, "बाबा, सांगा ना त्यांना खरं."

बाबा एका बोटानं टाइप करत होते. सावकाश, एकेक अक्षर शोधत. पाठवलं. मी वाकून बघितलं.

'सध्या स्वतःचं ऑफिस आहे. तळमजल्यावर.'

सहीची शाई अजून ओली होती. फुंकर मारली आणि अर्ज खिशात घातला.