जासईला ओहोटी, शिरवण्याला भरती

माइक थोडा खाली करा हो. अजून थोडा. हां, बास.

मंडळी, मी सुमन म्हात्रे. माझं बोलणं या सोसायटीला नवीन नाही. पाणी कमी आलं की गच्चीवरून बोलते, पार्किंगवरून खाली उभी राहून बोलते, आणि मीटिंगमध्ये तर अध्यक्षांना बोलूच देत नाही. पण आज दुपारपासून घरात आरशासमोर चार वेळा उभी राहिले आणि चारही वेळा पहिल्याच वाक्याला अडकले. तेव्हा मध्ये थांबले तर सांभाळून घ्या. आज टेन्शन आहे मला.

इकबालभाई मुकादम आपल्यातून गेले, त्याला चार महिन्यांवर दिवस झाले. बाहेरून आलेल्या कोणाला वाटेल, शोकसभेला एवढा उशीर? तर सांगते. झुबेदाभाभींची इद्दत चालू होती. नवरा गेल्यावर बाईने घरात बसून काढायचे दिवस. ते पुरे झाल्याशिवाय भाभी इथे येऊ शकल्या नसत्या. आणि भाभींशिवाय इकबालभाईंची सभा कसली घ्यायची? म्हणून आपण थांबलो. आज त्या इथे पहिल्या रांगेत बसल्यात. भाभी, तुम्ही आलात, बरं वाटलं.

माझी आणि इकबालभाईंची ओळख भांडणातून झाली. याच हॉलमध्ये. महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, हॉल मी बुक केला होता, आणि येऊन बघते तर मधल्या टेबलावर एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या विटांचं रेल्वे स्टेशन मांडून बसलेले. ह्या एवढ्याशा विटा. वर टिकल्या असतात, एकीत एक बसतात, मुलं खेळतात त्या. मी म्हटलं, "ओ काका, खेळणी उचला, बायका येतायत." त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले, "पाचच मिनटं ताई. गाडी लागलीय. मानसं उतरू द्या."

मी हळदीकुंकवाचं ताट तिथेच टेबलाच्या कडेला टेकवलं.

पुढे काय झालं, तुमच्यातल्या बऱ्याच जणी साक्षीला आहेत. बायका आल्या आणि कुंकू राहिलं बाजूला, सगळ्या त्या स्टेशनावर वाकून उभ्या. कोणी म्हणतेय घड्याळ बघा, कोणी म्हणतेय अगं चहाचा ठेला बघ. वाण वाटायला रात्र झाली. आणि मी, जी उचला म्हणाले होते, ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभी. नातीच्या विटांचे डबे घेऊन. नात मोठी झाली, कॉलेजला गेली, डबे माझ्या कपाटावर पडून होते. मी म्हटलं, "मला पण एक झाड करायला शिकवा."

तसे आम्ही जमलो. पाच-सहा जण. सोसायटीने आम्हाला नाव ठेवलं, विटकर मंडळ. इकबालभाईंना ते फार आवडलं. त्यांनी आयुष्य जासईजवळच्या कंटेनर यार्डात काढलं होतं. म्हणायचे, "जनमभर मोठे डबे रचले एकावर एक. आता धाकटे रचतोय. फरक एवढाच, हे पडले तर कोणी मरत नाय."

आमच्या मंडळाचा एक नियम होता, तो त्यांनीच घालून दिला. प्रदर्शन झालं की मोडायचं. त्याच संध्याकाळी. विटा सगळ्यांच्या, म्हणून रंगाप्रमाणे निवडून परत डब्यात. आणि ज्याने शेवटची वीट लावली असेल, त्यानेच पहिली काढायची. मी पहिल्या वेळी रडकुंडीला आले होते. माझी तिवराची झाडं इतकी सुंदर झाली होती, मुळं चिखलातून वर आलेली, खाली लाल खेकडा. मी म्हटलं, "एवढं तरी ठेवू या ना." तर म्हणाले, "ठेवलंत तर धूळ बसेल. मोडलंत तर पुढचं होईल."

आता पुलाकडे येते. त्या कोपऱ्यात टेबलांवर पांढरी चादर दिसतेय ना, तिच्याखाली तो आहे.

हा कुठल्या खऱ्या पुलाचा नमुना नाही. असा पूल नाही, आणि कधी नव्हताही. हा रेल्वेचा पूल शिरवण्यापासून जासईपर्यंत जातो. माझ्या गावापासून त्यांच्या गावापर्यंत, थेट खाडीवरून. इकबालभाईंची खाला, म्हणजे मावशी, लग्न होऊन इकडे, शिरवण्याशेजारी नेरूळला आलेली. त्यांची अम्मा जासईच्या टेकडीवर उभी राहून इकडचे दिवे बघायची आणि म्हणायची, "समोर तर हाय माझी बहीन." समोर होती, पण यायचं म्हणजे पनवेलवरून वळसा. पोरं, सामान, एसटी, सगळा दिवस मोडायचा. मग जाणं राहूनच जायचं. पुढे खाला गेली, अम्माही गेली. इकबालभाईंच्या मनात मात्र तो पूल राहिला. म्हणाले, "सुमनताई, शिरवण्याचा काठ तुमी करा. जासईचा आमी करतो."

एवढा मोठा पूल कोणाच्याच घरात मावणार नव्हता. म्हणून ठरलं की अर्धा त्यांच्या हॉलमध्ये, अर्धा माझ्या, आणि मधला गाळा, म्हणजे दोन्ही काठांना सांधणारा तुकडा, शेवटी इथे जोडायचा. माप एकच धरलं: रूळ पाण्यापासून दहा विटा वर. झालं, लागलो कामाला. मी मिठागरं केली पांढरीशुभ्र, गावठाणातल्या माझ्या सासरच्या घराची ओटी केली. त्यांनी चिखल केला, चिखलात उभे गुलाबी रोहित पक्षी केले, पलीकडे यार्डातले रंगीत डबे केले. आणि जासईच्या फलाटावर एक बाई उभी केली. हातात पिशवी. विचारायची गरज पडली नाही मला.

मग एक दिवस दोन्ही काठ इथे आणले, समोरासमोर ठेवले. आणि सगळे हसायला लागले.

माझे रूळ त्यांच्या रुळांपेक्षा तीन विटा उंच!

कसं झालं असेल? दोघांनी दहा-दहाच विटा मोजल्या होत्या. पण मी भरतीचं पाणी धरलं होतं. आमच्या घरात पाणी म्हटलं की भरतीचंच. बांध किती उंच घालायचा ते भरती सांगते, ओहोटी कोण मोजतो? म्हणून मी निळ्या विटांचे तीन थर घालून त्याच्यावर पूल उभा केला. आणि इकबालभाईंना दाखवायचा होता चिखल आणि पक्षी. म्हणून त्यांनी धरली ओहोटी. एकच पूल, शिरवण्याला भरती आणि जासईला ओहोटी.

मी भडकले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चिडले की मला माझी गावची बोली येते. म्हटलं, "खाडी आमची हाय! पानी कवडं येतं ते तुमी मला शिकवनार?" ते शांतपणे म्हणाले, "खाडी तुमची, पन दर्या आमच्याकडे. पानी आधी आमच्याकडून निघतं, मग तुमच्याकडून. ओहोटी लागली की आमच्या काठाला चिखल दिसतो, तवा तुमच्याकडे अजून भरलेलं असतं. दोगं बरोबर हाव, ताई. मोडायचं कोणी नाय."

मोडायचं कोणी नाही, हे बोलायला ठीक. पण आमची सेलवरची गाडी? तिला तीन विटांचा चढ चढायचा होता. त्यांनी मधल्या गाळ्यातच तो चढ दिला. गाडी सोडली. अर्ध्यावर गेली, चाकं जागच्या जागी फिरायला लागली, आणि गाडी हळूहळू मागे घसरत जासईला परत. अम्मा तिथेच उभी.

काठ आपापल्या घरी परत गेले, मधला चढाचा गाळा माझ्याकडे राहिला. आणि त्यानंतर आठवड्याभरात इकबालभाईंच्या छातीत दुखायला लागलं.

दवाखान्यात मी भेटायला जायची. नळ्या लावलेल्या, बोलायला बंदी. मला बघितलं की विचारायचे, "गाडी चढली?" मी म्हणायची, "नाही हो. घसरते." खोटं बोलले असते तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. शेवटच्या भेटीत डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत. तर म्हणाले, "चढ आधी सुरू करा."

मला कळलं ते काय म्हणतायत. चढ मधल्या गाळ्यात नको, जासईच्या फलाटापासूनच हळूहळू चढवत आणा. प्रत्येक खांब थोडा थोडा वाढवा. म्हणजे काय? म्हणजे त्यांनी लावलेले रूळ काढा, त्यांचे खांब वरून उघडा, अर्धा फलाट मोडा. मी म्हटलं, "घरी या, आणि तुमचं तुम्ही मोडा." ते हसले. घरी आले नाहीत.

मंडळी, एक सांगते. तो गेल्यावर... माफ करा. ते गेल्यावर मी रोज भाभींकडे जायची. भाभी घराबाहेर पडायच्या नाहीत आणि तो अर्धा पूल त्यांच्या हॉलमध्ये. सोफ्याला टेकून. भाभी पहिल्यापासून त्याला सवत म्हणायच्या. "माजी सवत बसलीय बगा हॉलमध्ये, पाहुण्याला बसायला जागा नाय." आता त्या सवतीकडे आम्ही दोघी बघत बसायचो. चहा गार व्हायचा. पुलाला हात लावायची माझी छाती नव्हती. एकेका विटेवर त्यांचं बोट टेकलेलं. ते कसं उचकटायचं? तुम्ही उचकटलं असतं?

एके दिवशी मी त्यांना दवाखान्यातलं बोलणं सांगितलं. चढ आधी सुरू करा. भाभींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या मंडळात मोडायची रीत काय हाय?" मी म्हटलं, ज्याने शेवटची वीट लावली त्याने पहिली काढायची. म्हणाल्या, "ते तर नाय. मग मी काढू?"

आणि उठल्या. ज्या बाईने कधी एका विटेला हात लावला नव्हता, लावला असेल तर केर काढताना पायात रुतली म्हणून शिव्या घालायला, ती बाई खाली बसली आणि फलाटाच्या टोकाची वीट काढली. कट्ट असा आवाज झाला. दोघी थांबलो. काही झालं नाही. छत पडलं नाही. भाभी म्हणाल्या, "ते असते तर त्यांनीच मोडलं असतं ना? रोज मोडायचे, रोज लावायचे. मीच बघत नव्हते." मग दुसरी काढली. मग आम्ही दोघी रडलो. मग तिसरी काढली.

त्या दिवसापासून सवतीचं सवतपण संपलं. भाभी माझ्यापेक्षा बारीक काम करतात, हे मी कबूल करते आणि पुन्हा करणार नाही. एकेक खांब त्यांनी चढवत आणला. खाली चहाची बशी ठेवून वरून गोटी सोडायच्या, फार जोरात आली तर चढ जास्त झाला. मी चुकले की दटावायच्या, "ताई, हे भरतीचं डोकं इथे नको." चार महिन्यांत त्या घरात हसण्याचा आवाज पहिल्यांदा आला तो त्या खांबांपाशी.

आज दुपारी दोन्ही काठ इथे आणले. मधला गाळा जोडला. शेवटची वीट भाभींनी लावली.

आपले अध्यक्ष मला परवा म्हणाले, रविवारी प्रदर्शन झालं की पुलाला काचेची पेटी करू, इकबालभाईंचा फोटो लावू, गेटजवळ ठेवू. साहेब, तुमची भावना मोठी आहे. हात जोडून सांगते, नको. फोटो लावा, जरूर लावा. पूल नको. रविवारी लोक येतील, मुलं येतील, नाकं लावून बघतील. आणि संध्याकाळी आम्ही तो मोडू. पहिली वीट भाभी काढतील, कारण शेवटची त्यांनी लावलीय. लाल डब्यात लाल, निळ्यात निळ्या. आणि सोमवारी विचार करायला बसू, पुढे काय. भाभी आता विटकर मंडळात आहेत. त्यांच्या मनात करंजाचं बंदर आहे, होड्यांसकट. मला विचारतायत, भरती धरायची की ओहोटी. म्हटलं, आधीच ठरवू या बाई!

चादर काढा रे कोणीतरी. सावकाश.

बघा. हा जासईचा काठ, हे शिरवणं. ती फलाटावरची बाई शोधताय? ती तिथे नाही. भाभींनी आज अम्माला गाडीत बसवलंय, पहिल्या डब्यात, खिडकीशी.

अशा सभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहतात. आपणही उभे राहू. पण घड्याळ नको. गाडी जासईहून निघेल, शिरवण्याला पोचेल, तेवढा वेळ शांत उभे राहू या. ज्याला जी प्रार्थना येते ती त्याने मनात करावी.

अजून एक. ही गाडी या चढावर आम्ही एकदाही चालवलेली नाही. भाभी म्हणाल्या, पहिली गाडी सगळ्यांसमोर सोडायची. तेव्हा चढेल की नाही, मला माहीत नाही. चढली तर टाळ्या नकोत. घसरली तर कोणी हळहळू नका, आणि कोणी हात लावून ढकलू नका. आम्ही दोघी आहोत. चढ अजून थोडा आधी सुरू करू.

उभे राहा सगळे.

इकबालभाई, माणसं बसली. भाभी, सोडा गाडी.