वीतभर साल

दोन हजार अकराचा हिवाळा, पानगळ नुकती सुरू झालेली—तेव्हाही एक जण आला होता, मॅडम, याच स्टुलावर बसला, असाच गोड बोलला. संशोधन म्हणाला. नमुन्यापुरती साल हवी म्हणाला. मी होय म्हटलं, आणि गिऱ्हाईक आटोपून मागच्या अंगणात जातो तो काय—त्याच्या माणसांनी झाड कमरेपासून चहूबाजूंनी सोललेलं. असं सोललं की झाड मरतं. एका बाजूची वीतभर काढायची, जखमेवर ओला चिखल थापायचा, मग वर्षभर त्याला हात लावायचा नाही. पण त्याला कोण सांगणार—शिकलेला होता. उन्हाळ्यात झाड वाळलं. दोन होती, एक उरलं. तेव्हा चहा घ्या, पण मागच्या दाराकडे बघू नका.

काय म्हणालात, कॉम्प्युटरने शोधलं? झाड न बघता? त्या माशी चावून येणाऱ्या तापाचा जो काय तो परजीवी, त्याच्या अंगातल्या एका खाचेत हजारो झाडपाल्यांमधले पदार्थ बसवून पाहिले, आणि नेमका आमच्या सालीतला बसला? कुठे बसला—पडद्यावर. पडद्यावर काय, माझा जावईही नोकरीला लागेल. हसू नका. आयत्या बिळावरचे नागोबा पुष्कळ पाहिलेत मी. उद्या गोळी निघेल, पाकिटावर नाव तुमचं, आणि बाप-आज्यापासून ही साल कुटून विकणारा मी कोण—एक अडाणी म्हातारा.

गुण येतो का म्हणून मलाच विचारता? येतो. येतोच. पिढ्यांनी घेतलीय—अशा बघता कशाला? बरं, कधी येतो, कधी नाही. माझ्या नातीला हाच ताप होता, तिला नाही आला. सकाळ-संध्याकाळ काढा देत होतो, पोरीचं पोट फुगतच गेलं, डाव्या बरगडीखाली सुजलेली पाणथरी हाताला लागायला लागली, आणि मी आपला म्हणतोय, थांबा अजून, उतरेल. शेवटी सुनेने मला न विचारता तिला उचललं आणि रुग्णालय गाठलं. बरं केलं तिने. हे तिला मी अजून बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका, ती आत आहे. इंजेक्शनांनी पोर वाचली. पण त्याच इंजेक्शनांनी डावा कान गेला. आता हाक उजव्या बाजूने मारावी लागते.

हो, तेच रुग्णालय, नदीपलीकडचं. का? तुमची प्रयोगशाळा तिथलीच? ती मागची पिवळी इमारत? मग हे आधी सांगायचं—नमनालाच घडाभर तेल घातलंत. महिनाभर पोरीला ठेवून घेतलं तिथे, एक छदाम घेतला नाही. मी देत होतो, डॉक्टरीणबाईंनी माझी मूठ परत मिटवली. मला फुकटचं पचत नाही, मॅडम. तेव्हापासून घशात अडकलंय.

कान न घालवता बरं करणारं औषध निघेल यातून? निघेलच असं नाही? हे बरं बोललात. तो आधीचा निघेलच म्हणाला होता.

उठा. या मागे. सुरी मी चालवणार, तुम्ही लांब उभ्या राहा. …तो चिखल सरकवा इकडे. हं. धरा. एवढीच. ओली आहे, कागदात गुंडाळून न्या. पैसे? ते पर्समध्ये ठेवा. तुमच्या रुग्णालयाचं फिटलं.