शून्याखालच्या पायऱ्या

मंडळी, आयाबायांनो, आणि इथे पुढे बसलेल्या गऊकाकू,

आज मला बोलायला उभं केलंत. बोलणं ही माझी जुनी खोड आहे. परक्या सरकारविरुद्ध बोललो, शिवाशिवीविरुद्ध बोललो, बोललो म्हणून तुरुंगातही जाऊन आलो. तेव्हा कधी पाणी मागावं लागलं नाही. आज लागेल असं वाटतं. कारण ज्ञानूनाना गवंड्याबद्दल मी गावासमोर एकदाच बोललो होतो, आणि ते चुकीचं बोललो होतो. त्यांची माफी मी त्यांच्या घरी जाऊन मागितली. चारचौघांत मागायची राहिली. अपमान चारचौघांत केला होता, तेव्हा माफीही इथेच मागायला हवी.

तुमच्यापैकी बरेचजण त्या सभेला होते. काहीजण हसलेही होते. मी कुणाचं नाव घेणार नाही. मीच हसवलं होतं.

ही मागची पायविहीर बघा. हिच्या पडलेल्या पायऱ्या नानांनी बांधून काढल्या, तेव्हा त्यांनी प्रत्येक पायरीवर एक अंक कोरला. मधली जी रुंद पायरी आहे, जिच्यावर तुम्ही बायका घागर टेकवून दम खाता, तिच्यावर शून्य. तिथून वर चढत एक, दोन, तीन. तिथून खाली उतरत पुन्हा एक, दोन, तीन, पण प्रत्येक अंकाच्या आधी एक आडवी रेघ. उणे एक, उणे दोन, उणे तीन. पाणी कुठल्या पायरीला लागलंय ते बघितलं की सांगता येतं, आज विहीर कुठं आहे. पावसाळ्यात अधिक चार. दिवाळीला शून्य. चैत्रात उणे दोन.

शाळेत दोन इयत्ता शिकलेल्या माणसाला हे कुठून सुचलं? मी विचारलं होतं. नाना म्हणाले, भिंत बांधताना ओळंबा खाली सोडावा लागतो आणि वीट वर चढवावी लागते. गवंड्याला दोन्ही बाजूला मोजावंच लागतं, नाहीतर भिंत पोट काढती.

आता मागचा उन्हाळा आठवा. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली, पाऊस आदल्या साली हात आखडता घेऊन पडलेला. प्यायला हीच विहीर आणि उसाच्या दोन मोटाही हिच्यावरच. म्हणून पंचांनी ठराव केला. ठराव मी लिहिला. माझ्या अक्षरात आहे तो. "पाणी उणे तीनपेक्षा कमी झाल्यास दोन्ही मोटा बंद ठेवाव्यात, उरलेले पाणी पिण्यासाठी राखावे."

वैशाखात एका सकाळी नाना चावडीवर आले. म्हणाले, पाणी उणे पाचावर गेलंय, मोटा थांबवा.

आणि मी उभा राहिलो. मंडळी, माणूस बोलायला उभा राहिला की त्याला आधी विचार करायला बसायचं सुचत नाही. मी ठराव वाचून दाखवला. "उणे तीनपेक्षा कमी." मग विचारलं, पाच हे तीनपेक्षा कमी की जास्त? सगळे म्हणाले, जास्त. मी म्हणालो, मग पाणी हद्दीपेक्षा जास्त आहे. मोटा चालू राहतील.

नाना म्हणाले, "आरं बापू, पाच खाली हाय. तीन वर हाय. पायरीवर जाऊन बघ की."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नाना, भिंत बांधणं वेगळं आणि अंक मांडणं वेगळं. ज्याचं काम त्यानं करावं."

चावडी हसली. नानांनी पागोटं सारखं केलं आणि निघून गेले.

आज मी एक गोष्ट आणखी कबूल करतो, जी मी त्यांच्या घरीही केली नव्हती. माझा स्वतःचा ऊस तेव्हा गुडघाभर उभा होता. पाण्याची ओढ मलाच होती. मला गणित येत नव्हतं एवढंच असतं तर बरं होतं. मला चुकीचं उत्तर सोयीचं होतं. सोयीचं उत्तर मिळालं की माणूस पायरी बघायला जात नाही.

चार दिवस मोटा चालल्या. पाचव्या दिवशी माझी बायको विहिरीवरून आली, घागर दारात उपडी ठेवली आणि म्हणाली, "आवं, पाच मोठा न्हवं? मग प्या आता पाच."

मंडळी, मी पुष्कळ ग्रंथ वाचलेत. त्यातल्या एकाही वाक्याने मला असं गप्प केलेलं नाही.

विहिरीत चिखल उरला होता. खालच्या आळीच्या बायका पुढे पंधरा दिवस नदीवर गेल्या, दीड कोस जाणं, दीड कोस येणं. गऊकाकू, नानांच्या घरातून त्या वयात तुम्हीही गेलात. मी बघितलंय.

त्या संध्याकाळी मी नानांच्या दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, लांबलचक. ‘माफ करा’ एवढंच त्यांनी ऐकून घेतलं, पुढचं नाही. पायतण घातलं आणि म्हणाले, चल विहिरीवर.

मला उणे दोनवर उभं केलं. स्वतः सावकाश उतरत गेले, गुडघे धरत, उणे सातवर. आणि तिथून वर बघून विचारलं, "आता सांग गड्या. कोण उंच?"

मी म्हणालो, मी.

"सात मोठा का दोन मोठा?"

मी म्हणालो, सात.

"मग मी उंच पाहिजे हुतो. का न्हाई?"

मी पायाखालच्या अंकाकडे बघितलं. मग ते हसले. त्यांचं ते दात पडलेलं हसणं तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, रेघेच्या खाली गेलास की आकडा जेवढा फुगंल तेवढा तू बुडशील. शून्यापासून लांब गेलास एवढंच तो आकडा सांगतो. कुठल्या बाजूला गेलास ते रेघ सांगते. तू आकडा वाचलास, रेघ वाचली न्हाईस.

एवढ्यावर थांबले असते तर ते नुसते गवंडी. पण ते थांबले नाहीत, आणि म्हणून मला त्यांच्याबद्दल बोलावंसं वाटतं. त्यांना आता खेळ सापडला होता. उणे वीस आणि अधिक एक, कोण वर? मी म्हणालो, एक. "एकटा एक, त्या विसापेक्षा मोठा? बघ बरं." मी म्हणालो, तरीही एक. शून्य आणि उणे एक? शून्य. "म्हंजे काहीच नसणं हे बी कुणापेक्षा तरी जास्त असतंय." आणि असं म्हणून ते स्वतःच विचारात पडले. अंधारून येईपर्यंत दोन बाप्ये या पायऱ्यांवर वरखाली करत होते. वरून जाणाऱ्या कुणीतरी विचारलंसुद्धा, काय हरवलंय का? नाना म्हणाले, याचं हरवलं हुतं, घावलं.

मला मात्र एक प्रश्न टोचत होता. मी म्हणालो, नाना, 'उणं' हा शब्द आपण किती वाईट वापरतो. उणं बोलणं, उणंदुणं काढणं, अमक्याच्या घराण्यात उणं आहे. तुम्ही तोच शब्द पायऱ्यांना दिलात.

तेव्हा ते जे म्हणाले ते मी आजवर कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. म्हणाले, "उणं ही शिवी न्हाई बापू. जागा हाय. तितनं बी वर येता येतं."

ऐकलंत? जागा आहे. आपण माणसांना उणं म्हणतो आणि तिथेच गाडून टाकतो. हा माणूस म्हणतो, ती एक पायरी आहे, तिच्यावर अंक आहे, आणि तिच्या वरही एक पायरी आहे. मी आयुष्यभर व्यासपीठावरून समतेवर बोललो. या माणसाने ती छिन्नीने दगडात कोरून ठेवली होती, आणि मला वाचता आली नाही.

गेल्या महिन्यात ते मला वाटेत भेटले. ताप येऊन जात होता, पण डोळ्यांत तेच कुतूहल. म्हणाले, एक शंका हाय. ही विहीर खणली तवा वरनं बाराव्या पायरीखाली खडक लागला. वर आकड्यांना शेवट न्हाई हे मला ठावं हाय, पोरंबी सांगतात. पण खाली? सगळ्यात खालचा, सगळ्यात लहान आकडा कुठला? तितं खडक कवा लागतो?

मला उत्तर माहीत नव्हतं. या वेळी मी उभं राहून भाषण केलं नाही. म्हणालो, विचारून येतो.

सांगलीला कामासाठी गेलो तेव्हा तिथल्या कॉलेजातल्या गणिताच्या एका प्राध्यापकांना मुद्दाम गाठलं. ते म्हणाले, तुम्हीच सांगा, सगळ्यात लहान म्हणून एखादा अंक. मी म्हणालो, उणे एक लाख. ते म्हणाले, उणे एक लाख एक. मी म्हणालो, उणे एक कोटी. ते म्हणाले, उणे एक कोटी एक. आणि चहा पुढे सरकवला.

मी गाडीत बसलो तो खुशीत. कराड मागे गेलं तरी मनातल्या मनात घोकत होतो, नानांना कसं सांगायचं. आधी त्यांनाच अंक सांगायला लावायचा, मग हरवायचं. कोरेगावच्या स्टेशनवर उतरलो, तर टांगेवाला म्हणाला, बापूसाहेब, तुमचा गवंडी सकाळी गेला.

उत्तर माझ्याकडेच राहिलं.

म्हणून आज ते इथे देतो. नाना, खडक लागत नाही. तुम्ही कितीही खाली जा, त्याच्या खाली एक पायरी आहे. तुमची शंका खरी होती, आणि या पायऱ्या बांधणाऱ्यालाच ती यायची होती. आणि चावडीवर मी जे बोललो ते मी गावासमोर मागे घेतो. भिंत बांधणं आणि अंक मांडणं वेगळं नाही.

आता नानांना श्रद्धांजली म्हणून सगळ्यांनी उभं राहायचं. दोन मिनिटांसाठी घड्याळ बघू नका. मनात मोजा. उणे दहापासून सुरू करा, मग उणे नऊ, उणे आठ, असं एकेक पायरी चढत या. शून्यावर आलात की खाली बसा. मात्र एक सांभाळा. ज्याने चुकून उणे एकपासून सुरुवात केली आणि पुढे उणे दोन, उणे तीन म्हणत गेला, त्याला शून्य भेटणार नाही. तो उभाच राहील.

तसा एखादा उभा राहिला, तर हसू नका. त्याच्याजवळ जा, आणि त्याला या पायऱ्यांवर घेऊन या.

उणे दहा.